वडिलांचा ॲम्प्लिफायर आणि दुकानातला नवा

घरातील ध्वनिसंच, त्यांची निगा आणि ऐकण्याचा आनंद यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तरे दिली जातात. या वेळी सोलापुरातून आलेल्या चार पत्रांचा विषय जवळजवळ एकच असल्याने ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या आप्पांनी १९८४ साली मुंबईहून एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर आणले होते. प्रत्येक बाजूला २५ वॉट, समोर ॲल्युमिनियमची पट्टी, मागे पाच पिनांची गोल सॉकेटे. आप्पा गेल्यावर तो बरीच वर्षे माळ्यावर होता. मागच्या महिन्यात सुरू केला तेव्हा गाणे वाजले, पण मागे घूं असा आवाज सतत येत राहतो आणि व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर होते. नव्या पेठेतील दुकानदार म्हणतात की चाळीस वर्षांत तंत्र फार पुढे गेले आहे, आजचा साधा ॲम्प्लिफायरही यापेक्षा स्वच्छ वाजेल, तेव्हा हा मोडीत द्या. मुलाचेही तेच मत आहे. नवे ॲम्प्लिफायर खरोखरच जुन्यांपेक्षा चांगले वाजतात का?
— एक निवृत्त शिक्षक, रेल्वे लाइन्स, सोलापूर

उत्तर : तंत्र पुढे गेले आहे हे दुकानदारांचे म्हणणे खरे आहे. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, आणि आप्पांचा ॲम्प्लिफायर मोडीत देण्याआधी आपण हे उत्तर पूर्ण वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ॲम्प्लिफायरचे काम एकच असते : आत आलेला विजेचा संकेत जसाच्या तसा मोठा करायचा आणि स्पीकरला द्यायचा. या कामात तो स्वतःचे जे काही मिसळतो त्याला विरूपण म्हणतात आणि ते टक्क्यांत मोजता येते. बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा भाग उलटा करून परत आत सोडायचा आणि झालेली चूक तिथल्या तिथे वजा करायची, ही कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ साली सुचली. पुढे १९४७ साली ब्रिटनमधील ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर, चालणाऱ्या १५ वॉटच्या ॲम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली, आणि त्यात विरूपण ०.१ टक्क्याच्या आत आलेले होते. म्हणजे आप्पांनी आपला संच घेतला त्याच्या सदतीस वर्षे आधीच ही मजल गाठली गेली होती.

मधल्या काळात एक घसरण झाली, तीही सांगितली पाहिजे. १९६०च्या दशकात व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, तेव्हा सुरुवातीच्या अनेक ॲम्प्लिफायरांत लाटेचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर आणि खालचा भाग दुसरा ट्रान्झिस्टर सांभाळत असताना त्यांच्यातील सांधा नीट जुळत नसे. हा सांध्यातील दोष मोठ्या आवाजात झाकला जातो आणि हळू आवाजात कानाला टोचतो. ‘ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा’ अशी जुन्या लोकांची जी तक्रार होती तिला त्या काळी आधार होता. १९८०च्या दशकापर्यंत मात्र चांगल्या कारखान्यांनी हा दोष दूर केला होता. आपला संच त्या काळातील आहे.

तंबोरा लावून पाहा, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते लक्षात येईल. जवारी नीट काढलेली असेल तर एकाच तारेतून षड्जाबरोबर कितीतरी वरचे स्वर झरत असतात. त्यांच्यामुळेच तंबोरा भरलेला वाटतो. ॲम्प्लिफायरचे विरूपण म्हणजेही मूळ स्वरावर चढलेले असेच वरचे स्वर असतात. तारेने स्वतः दिलेल्या एवढ्या स्वरांमध्ये ॲम्प्लिफायरने हजारांत एक भाग आणखी मिसळला तर तो वेगळा ऐकू येणार नाही. नव्या ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात ०.००१ टक्का छापलेले असते आणि आपल्या संचाचा आकडा कदाचित ०.१ असेल. कागदावर हा फरक शंभर पटींचा आहे, पण दोन्ही आकडे गाणे ऐकणाऱ्या कानाच्या पोहोचेपलीकडचे आहेत. स्पीकरचे स्वतःचे विरूपण खर्जाच्या स्वरांत सहज एक टक्का किंवा त्याहून अधिक असते, हेही या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो कशामुळे? बहुतेक वेळा आवाजाच्या पातळीमुळे. हे मी स्वतःच्या घरी अनुभवले आहे. माझा जुना ॲम्प्लिफायर आणि नवा घेतलेला एकाच टेबलावर ठेवून, तेच स्पीकर आळीपाळीने जोडून आम्ही चौघांनी एक संध्याकाळ ऐकण्यात घालवली, आणि नवा अधिक मोकळा, अधिक स्पष्ट वाजतो यावर चौघांचेही एकमत झाले. दुसऱ्या दिवशी मी १०० हर्ट्झचा सलग सूर लावला आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरला. आदल्या संध्याकाळच्या खुणांवर बटणे ठेवली असता जुना १ व्होल्ट देत होता आणि नवा १.२ व्होल्ट. हा फरक सुमारे दीड डेसिबलचा होतो. एवढ्या फरकाला कान ‘मोठा आवाज’ म्हणत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणतो. मीटरवर दोन्ही आकडे सारखे करून, कोणता सुरू आहे हे न सांगता पुन्हा ऐकवले तेव्हा चौघांपैकी एकालाही ओळखता आले नाही. अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने १९८७ साली अशीच न सांगता ऐकवण्याची चाचणी बरीच मोठी करून घेतली होती आणि तिथेही ऐकणाऱ्यांचे उत्तर अंदाजाच्या पलीकडे गेले नाही.

आपल्याला असे करून पाहायचे असेल तर एक काळजी अवश्य घ्यावी. दोन ॲम्प्लिफायरांच्या स्पीकरच्या वायरी कधीही एकमेकींना जोडू नयेत. अनेक नव्या ॲम्प्लिफायरांत स्पीकरचे काळे टोकही जमिनीशी जोडलेले नसते, त्यामुळे फक्त लाल वायर बदलणारे साधे बटण लावले तर ॲम्प्लिफायर जळण्याची शक्यता असते. दोन्ही टोके एकदम बदलणारे बटण घ्यावे, किंवा सरळ संच बंद करून वायर काढून दुसऱ्याला लावावी.

हे सारे मी सुस्थितीतील ॲम्प्लिफायरविषयी लिहिले. आपला आज सुस्थितीत नाही, आणि दुकानदारांनी त्याची आजची घरघर ऐकून त्याच्या जन्माविषयी मत दिले. घूं असा आवाज व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनही तेवढाच राहत असेल तर दोष बहुधा पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरांत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असते. तिची एकदिश वीज करताना १०० हर्ट्झची लहर उरते, आणि ती सपाट करण्याचे काम हे कंडेन्सर करतात. त्यांच्या आत ओलसर द्रावणात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते द्रावण वाळते आणि कंडेन्सरची क्षमता जाते. झाकण उघडल्यावर ट्रान्सफॉर्मरजवळ दोन उभे डबे दिसतील. त्यांचा माथा सपाट हवा. तो फुगलेला असेल किंवा बुडाशी तपकिरी, चिकट डाग असेल तर निदान तिथेच झाले. मात्र आपण स्वतः आत हात घालू नये, कारण प्लग काढल्यावरही त्यांत वीज साठून राहते.

मुरारजी पेठेपासून अशोक चौकापर्यंत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची जी जुनी दुकाने अजून तग धरून आहेत, तिथला अनुभवी कारागीर हे काम एका दिवसात करतो. त्याला तीन गोष्टी सांगाव्यात : मोठे कंडेन्सर बदलताना १०५ अंशांचे घालावेत, ८५ अंशांचे नकोत, ट्रान्झिस्टरांच्या पायांशी आणि स्पीकरच्या सॉकेटापाशी सुटलेले डाख पुन्हा द्यावेत, आणि शेवटी आउटपुट ट्रान्झिस्टरांचा बायस, म्हणजे गाणे नसतानाही त्यांतून वाहता ठेवलेला थोडासा प्रवाह, मोजून लावावा. बायस सरकला की मघाशी सांगितलेला सांध्यातील दोष नव्याने उद्भवतो आणि रात्री हळू आवाजात लावलेले गाणे चिरके लागते. व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते. मूळ आउटपुट ट्रान्झिस्टर चालू असतील तर ते बदलू देऊ नका. बाजारात बनावट माल पुष्कळ आहे आणि चांगला जुना भाग काढून खोटा नवा बसवला गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

पैसे राहिले तर ते स्पीकरवर खर्च करावेत. वूफरच्या कागदी शंकूभोवतीची कड फोमची असेल तर चाळीस वर्षांत ती नक्कीच गेली असणार. बोट लावताच भुगा पडतो. कड नवी बसवल्यावर होणारा फरक कोणालाही डोळे मिटून सांगता येईल इतका मोठा असतो.

प्रश्न : आम्ही साखर पेठेत राहतो. शेजारी यंत्रमाग आहेत. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज १९०पर्यंत उतरते आणि आमचा जुना ॲम्प्लिफायर हात ठेववत नाही इतका तापतो. नवे डिजिटल ॲम्प्लिफायर तापत नाहीत असे ऐकले, पण त्यांचा आवाज कृत्रिम असतो असेही ऐकले. काय करावे?
— एक गृहिणी, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आपल्या बाबतीत मी नव्याच्या बाजूने झुकतो, आणि त्याचे कारण आवाज नसून सोलापूरचा मे महिना आहे.

जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमधील ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखे काम करतात. जी वीज स्पीकरला जात नाही ती उष्णता होऊन त्यांच्याच अंगावर पडते. त्यांची कार्यक्षमता सिद्धांतानेच ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि घरात आपण ज्या हळू आवाजात ऐकतो तिथे ती फारच खाली येते. नव्या पद्धतीत, जिला क्लास डी म्हणतात, ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद, आणि ही उघडझाप सेकंदाला काही लाख वेळा होते. पुढे एक गुंडाळी आणि एक कंडेन्सर ती उघडझाप गाळून मूळ लाट परत मिळवतात. अशा ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. त्याला ‘डिजिटल’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण ते नाव बरोबर नाही. उघडझापेचा काळ कमीअधिक होतो, त्यात आकडे नसतात.

‘कृत्रिम आवाज’ या समजुतीलाही एक जुने कारण आहे. सुरुवातीच्या अशा ॲम्प्लिफायरांत ती गाळणारी गुंडाळी, बाहेरचा संकेत परत आत सोडून चूक दुरुस्त करणाऱ्या वळणाच्या (पहिल्या उत्तरातील ब्लॅक यांची कल्पना) बाहेर राहत असे, त्यामुळे कोणता स्पीकर जोडला आहे त्यावर वरच्या पट्टीतील आवाज बदलायचा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चांगल्या रचनांनी ती गुंडाळी वळणाच्या आत घेतली आणि हा आक्षेप त्यांच्यापुरता मिटला. स्वस्त मालात तो अजून राहू शकतो.

व्होल्टेजचे गणित असे आहे : साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरला २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर त्याची कमाल ताकद साधारण ६८ टक्क्यांवर येते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. हळू आवाजात काहीही जाणवणार नाही, पण मागाच्या आवाजावर मात करायला आपण बटण वाढवले की लाटेचे माथे लवकर छाटले जातील. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा स्विचिंग सप्लाय ज्यात आहे असा नवा ॲम्प्लिफायर घेतला तर हा प्रश्नच उरत नाही. घेताना मागच्या बाजूला हे आकडे छापलेले आहेत का ते पाहावे.

जुनाच ठेवायचा असेल तर त्याच्या वर काहीही ठेवू नये. आपल्याकडे संचावर विणलेला रुमाल किंवा चादर घालण्याची हौस असते. वाजताना ती काढावी. कंडेन्सरचे तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. १०५ अंशांवर २००० तास टिकण्याची हमी असलेला कंडेन्सर ६५ अंशांवर सुमारे ३२ हजार तास टिकेल आणि ७५ अंशांवर त्याच्या निम्माच. ज्या गावात मे महिन्यात पारा ४३ अंशांपर्यंत चढतो तिथे चार बोटे मोकळी जागा ही चैन नव्हे. चादर काढलीच आहे तर ती स्पीकरच्या समोरच्या उघड्या भिंतीवर टांगावी. शहाबादी फरशी आणि सिमेंटच्या भिंती यांच्यात घुमणाऱ्या वरच्या स्वरांना जाड सोलापुरी चादर चांगली शोषते. खर्जाला तिचा उपयोग होत नाही. १२ फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा जो एक स्वर फुगतो, तो स्पीकर भिंतीपासून पुढे-मागे सरकवूनच आटोक्यात आणावा लागतो. कोणत्याही दोन चांगल्या ॲम्प्लिफायरांमध्ये जेवढा फरक असतो त्याच्या कितीतरी पट फरक स्पीकर हातभर सरकवल्याने पडतो.

प्रश्न : मी ‘१०० वॉट’ लिहिलेला तळहाताएवढा ॲम्प्लिफायर ऑनलाइन मागवला. घरी जुना २५ वॉटचा आहे. १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर नवा लावला तर तो जुन्याच्या निम्माही वाजत नाही, आणि वाढवला तर फाटतो. मला खराब माल मिळाला का?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : मालात दोष असेलच असे नाही, आकड्यात आहे. १२ व्होल्टच्या सप्लायवर असा ॲम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला फार तर ९ वॉट देऊ शकतो. १२चा वर्ग १४४, त्याला ८च्या दुप्पट म्हणजे १६ने भागा. आतली चिप कितीही चांगली असली तरी हे गणित बदलत नाही. अशा छोट्या बोर्डांत बहुतेक वेळा टीपीए३११६ ही चिप असते. ती दोन्ही बाजूंना प्रत्येकी ५० वॉट देते, पण त्यासाठी २१ व्होल्ट आणि ४ ओहमचे स्पीकर लागतात, आणि तो आकडाही १० टक्के विरूपण गृहीत धरून दिलेला असतो, म्हणजे फाटलेल्या आवाजाचा. आपण चांगला २० व्होल्टचा, पुरेशा अँपिअरचा ॲडॅप्टर घ्या. ८ ओहमला २० वॉटच्या वर मिळतील आणि तो जुन्याच्या बरोबरीला येईल. आधी बोर्डावरील कंडेन्सर २५ किंवा ३५ व्होल्टचे आहेत याची खात्री करा.

ताकदीविषयी एवढे ध्यानात ठेवावे की वॉट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो आणि कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. पीएमपीओ नावाचा आकडा कुठे दिसला तर तो वाचूच नये. त्याची कोणतीही ठरलेली मोजणी नाही.

मोबाइल ब्लूटूथने जोडत असाल तर एकदा वायरने जोडूनही ऐका. ब्लूटूथवर पाठवताना गाणे दाबून लहान केले जाते, आणि तिथे पडणारा फरक ॲम्प्लिफायरच्या माथी मारला जातो.

प्रश्न : मी तेहतीस वर्षे यंत्रमागावर काम केले. आता रिकामा वेळ आहे आणि भजने, अभंग ऐकण्याची फार आवड आहे. पण शब्द नीट कळत नाहीत, सूर तेवढा कळतो. डाव्या कानाने जास्तच कमी ऐकू येते. घरी जुना ॲम्प्लिफायर आहे. नवा, भारी घेतला तर शब्द स्पष्ट होतील का?
— एक निवृत्त विणकर, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : काका, नवा घेऊ नका. आपण लिहिलेली लक्षणे ॲम्प्लिफायरची वाटत नाहीत. मागाच्या कारखान्यातील आवाजात वर्षानुवर्षे काढल्यावर कानाची शक्ती प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास कमी होते. सूर, म्हणजे स्वरांचा गाभा, त्याच्या बराच खाली असतो, म्हणून तो कळतो. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘च’ ही व्यंजने मात्र वरच्या पट्टीत असतात आणि ती गेली की अभंगाची ओळ ऐकू येऊनही उमगत नाही. शासकीय रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात श्रवणचाचणी करून घ्यावी आणि तिचा आलेख जपून ठेवावा. श्रवणयंत्राचा सल्ला मिळाला तर संकोच करू नये.

घरी ऐकण्यासाठी आपला जुना ॲम्प्लिफायरच अधिक उपयोगाचा आहे. आजच्या कित्येक नव्या ॲम्प्लिफायरांवर एकच बटण असते. जुन्यांवर ट्रेबल आणि बास वेगवेगळे असतात, आणि पुष्कळांवर ‘मोनो’ लिहिलेली एक छोटी कळही असते. बास मध्यापासून थोडा डावीकडे आणावा, ट्रेबल थोडा उजवीकडे न्यावा. आवाज मात्र वाढवत नेऊ नये, राहिलेले ऐकू येणे जपायचे आहे. मग ती मोनोची कळ दाबावी. दोन्ही बाजूंचे ध्वनिमुद्रण एकत्र होऊन दोन्ही स्पीकरांतून सारखेच येईल आणि डाव्या स्पीकरात एकटेच असलेले टाळ किंवा साथीचा आवाज आपल्याला हुकणार नाही. उजव्या बाजूचा स्पीकर कानाच्या उंचीवर, बसण्याच्या जागेपासून तीन-चार फुटांवर ठेवावा. इतक्या जवळून भिंतींचा घुमारा कमी मिसळतो आणि शब्द थोडे तरी सुटे होतात. ती कळ बरीच वर्षे वापरली नसेल तर आधी दहा-वीस वेळा दाबून सोडावी, म्हणजे आतला गंज निघून जाईल.